इन्सुलिनमधील सात अमिनो आम्ले संपूर्ण प्रथिनाला तंतू कशी बनवतात?

कागलकरीण:

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापुरात जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पंधरा दिवसांनी मला वर्गात सेमिनार द्यायचा असून त्याचा विषय माझ्या आजीमुळे ठरला, म्हणून आधी ते थोडक्यात सांगते. आजी चौदा वर्षे इन्सुलिन घेते आणि कागलच्या घरी रोज सकाळी पूजा आटोपली की बेंबीच्या डावीकडे, अगदी ठरलेल्या जागी सुई टोचते. तिथे टोचलेले कळतसुद्धा नाही, असे तिचे म्हणणे. गेल्या दिवाळीनंतर त्या जागी लिंबाएवढी टणक गाठ हाताला लागू लागली, डोस वाढवूनही साखर आटोक्यात येईना, आणि गाठीचा तुकडा तपासल्यावर ती इन्सुलिनपासूनच झालेली अमायलॉइडची, म्हणजे प्रथिनाच्या न विरघळणाऱ्या तंतूंची गाठ असल्याचा अहवाल आला.

औषध म्हणून दिलेले, द्रावणात नीट विरघळलेले प्रथिन त्वचेखाली न विरघळणाऱ्या तंतूंचा गठ्ठा होऊन कसे बसते, हे वाचायला घेतले तेव्हा एका ठिकाणी मी अडले. इन्सुलिनच्या ए साखळीत २१ आणि बी साखळीत ३० अशी एकूण ५१ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी बी साखळीतील ११ ते १७ या स्थानांवरचा तुकडा, म्हणजे ल्युसिन, व्हॅलिन, ग्लुटामिक आम्ल, अ‍ॅलानिन, ल्युसिन, टायरोसिन, ल्युसिन हा क्रम, तंतूचा कणा होतो आणि तेवढाच तुकडा वेगळा करून ठेवला तरी तो स्वतःच तंतू बनवतो, असे वाचनात आले. अल्झायमरमध्ये सापडणाऱ्या टाऊ प्रथिनाच्या सर्वांत लांब प्रकारात ४४१ अमिनो आम्ले आहेत, तरी तिथेही बोट दाखवले जाते ते सहा अमिनो आम्लांच्या तुकड्याकडे. बाकीच्या साखळीला या कारभारात काहीच स्थान नसते का? आणि हा तुकडा जर निरोगी इन्सुलिनमध्येही त्याच जागी असतो, तर औषधाच्या प्रत्येक बाटलीत तंतू का होत नाहीत?

बीटापट्टी:

तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे, पण पहिल्याचे उत्तर दिल्याशिवाय त्याकडे जाता येणार नाही. मी मूळचा कोल्हापूरचाच. सध्या बाहेरगावी प्रथिनांच्या स्फटिकांवर काम करतो.

अमायलॉइड तंतूची मूळ बांधणी सर्व रोगांत सारखी असते. प्रथिनाच्या साखळीचा एखादा भाग ताणून सरळ होतो, त्याला आपण बीटा पट्टी म्हणतो, आणि अशा पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे एकावर एक रचल्या जातात. पायरी तंतूच्या लांबीला काटकोनात असते आणि दोन पायऱ्यांमधील अंतर सुमारे ४.८ अँगस्ट्रॉम भरते (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मायक्रॉनचा दहा हजारावा भाग). पायऱ्यांना जोडणारे हायड्रोजन बंध मात्र तंतूच्या लांबीच्या दिशेने धावतात. एक मायक्रॉन लांबीच्या तंतूत अशा जवळजवळ दोन हजार पायऱ्या बसतात, यावरून एकच छोटा तुकडा किती वेळा स्वतःची पुनरावृत्ती करतो याची कल्पना येईल.

एवढ्याने एकच पदर होतो. तंतूला टिकाऊपणा येतो तो असे दोन पदर समोरासमोर मिटतात तेव्हा. यीस्टमधील एसयूपी ३५ या प्रथिनातील सात अमिनो आम्लांच्या तुकड्याची स्फटिकरचना डेव्हिड आयझेनबर्ग यांच्या गटाने २००५ साली प्रसिद्ध केली, तेव्हा हे मिटणे प्रथमच अणूंच्या पातळीवर दिसले. एका पदराच्या उपशाखा, म्हणजे अमिनो आम्लांचे बाजूला निघालेले भाग, समोरच्या पदराच्या उपशाखांमधील फटींत इतक्या घट्ट बसलेल्या होत्या की मध्ये पाण्याचा एक रेणूही उरला नव्हता. बॅगेची चेन ओढल्यावर तिचे दात एकमेकांत अडकतात, तसेच हे आहे, आणि म्हणूनच या रचनेला इंग्रजीतून आलेले स्टेरिक झिपर हे नाव रूढ झाले. मी स्वतः शिकवताना सरळ ‘चेन’ म्हणतो. चेन लागण्यासाठी लांब कापड लागत नाही. दातांची ओळ पुरेशी असते. सहा-सात अमिनो आम्लांची पट्टी तेवढे दात पुरवते.

आता कोणी म्हणेल की सुटा तुकडा तंतू बनवतो, म्हणून तो संपूर्ण प्रथिनालाही ओढत नेईल, हे सिद्ध कसे झाले? या शंकेचे मला माहीत असलेले सर्वांत थेट उत्तर २००९ च्या एका प्रयोगात आहे. टेंग आणि आयझेनबर्ग यांनी रायबोन्युक्लिएज ए हे १२४ अमिनो आम्लांचे विकर निवडले. त्याची घडी चार डायसल्फाइड बंधांनी जखडलेली असते आणि ते सहसा तंतू बनवत नाही. टाऊ, आल्फा-सायन्यूक्लिन, प्रायॉन आणि अमायलॉइड-बीटा या, मेंदूच्या रोगांत तंतू बनवणाऱ्या मानवी प्रथिनांतील सहा ते आठ अमिनो आम्लांचे दहा तुकडे गणिताने हेरून, या विकराच्या शेवटाकडील बिजागरीसारख्या वळणात त्यांनी एका वेळी एक असे बसवले. दहाही वेळा विकराचे तंतू झाले आणि काँगो रेडने रंगवल्यावर त्यांनी अमायलॉइडची ओळख पटवणारी चमक दाखवली. त्याआधी २००५ मध्ये याच वळणात दहा ग्लुटामिन घालून केलेल्या तंतूंत तर विकराचे काम चालूच होते, म्हणजे कण्याभोवती लोंबणाऱ्या उरलेल्या साखळीने आपली घडी मोडलीही नव्हती. तेव्हा बाकीच्या साखळीला स्थान असते, पण ती कण्यात असलीच पाहिजे असे नाही.

बाटलीतील इन्सुलिन तंतू का होत नाही, याचे उत्तर त्या तुकड्याच्या जागेत आहे. तुम्ही लिहिलेला ११ ते १७ हा भाग निरोगी इन्सुलिनमध्ये सर्पिल वळणात, म्हणजे आल्फा हेलिक्समध्ये गुंतलेला असतो. जो तुकडा गुंडाळलेला आहे तो पट्टी होऊन दुसऱ्याला भेटू शकत नाही. शिवाय औषधात इन्सुलिनचे सहा-सहा रेणू जस्ताभोवती एकत्र बांधलेले असतात आणि फिनॉलसारखी परिरक्षके ती सहाजणांची बैठक आणखी पक्की करतात. त्वचेखाली गेल्यावर द्रावण पातळ होते, बैठक मोडते, सुटा रेणू मोकळा होतो. तो रक्तात जाण्यासाठी तसे होणे आवश्यकच आहे, पण घडी थोडी सैल होऊन तो तुकडा उघडा पडण्याची संधीही याच सुट्या रेणूला मिळते.

पॅनवरचा माणूस:

पोरी, मी जीवशास्त्राचा माणूस नव्हे. साखर कारखान्यात मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट म्हणून तीस वर्षे काढली आणि निवृत्त झालो. पण वरचा खुलासा वाचताना मला सारखी पॅनची आठवण येत राहिली, म्हणून लिहितो.

पॅनमध्ये रस आटवत नेला की अशी एक अवस्था येते, ज्यात साखर मापापेक्षा जास्त विरघळलेली असते, तरीही स्वतःहून दाणा धरत नाही. त्या वेळी बारीक दळलेल्या साखरेचे सीड सोडले की तेच कण वाढू लागतात. सीड न सोडता रस तसाच पुढे आटवत राहिला, तर मध्येच कुठेतरी आपोआप दाणा पडतो, तो नको तेवढा आणि नको तिथे पडतो, आणि त्या फॉल्स ग्रेनचा निस्तार करताना पाळी संपते. तुझ्या आजीच्या बाबतीत असेच झाले असेल का? रोज त्याच जागी तेच द्रावण; एकदा कधीतरी पहिला दाणा पडला, आणि त्यानंतर दर सकाळी ताजा माल आयता त्याच्या शेजारी येऊन पडू लागला. जागा बदलली असती तर त्या पहिल्या दाण्याला खाऊ मिळाला नसता.

बीटापट्टी:

काका, आपण सहज लिहिले असेल, पण जॅरेट आणि लान्सबरी यांनी १९९३ मध्ये अल्झायमरविषयी लिहिताना अमायलॉइडला ‘एका मितीत होणारे स्फटिकीकरण’ असेच म्हटले होते. परीक्षानळीत आम्ही थायोफ्लेविन टी हे रंगद्रव्य घालून तंतूंची वाढ मोजतो, तेव्हा सुरुवातीला आलेख बराच वेळ तळाशी आडवा राहतो, मग एकाएकी चढतो आणि शेवटी सपाट होतो. आधीच तयार झालेल्या तंतूंचे चिमूटभर तुकडे टाकले की तळाशी रेंगाळण्याचा काळ आखडतो किंवा नाहीसाच होतो. आपले सीड ते हेच.

फक्त एका बाबतीत साखर आणि प्रथिन यांचे जमत नाही. साखरेचा रेणू द्रावणात जसा असतो जवळजवळ तसाच दाण्यात जाऊन बसतो. प्रथिनाच्या रेणूला मात्र तंतूच्या टोकाला चिकटताना आपली सवयीची घडी सोडून समोरच्या पट्टीचे माप घ्यावे लागते. त्यामुळे बी (म्हणजे सीड) आणि रेणू यांचा क्रम जुळणे महत्त्वाचे ठरते, आणि म्हणून एका प्रथिनाच्या तंतूचे बी दुसऱ्या प्रथिनाला बहुधा फारसे उपयोगी पडत नाही. अपवाद आहेत, पण ते अपवादच.

काचपट्टी:

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, राजारामपुरीत माझी लॅब आहे. शास्त्रीय चर्चेत फार भर घालणार नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी इन्सुलिन चालू असेल तर दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात.

इन्सुलिनच्या जागी येणारी बहुतेक गाठ चरबीची असते, अमायलॉइडची नव्हे. चरबीची गाठ मऊ असते आणि त्या जागी टोचणे थांबवल्यावर ती बरेचदा हळूहळू ओसरते. अमायलॉइडची गाठ टणक लागते आणि सहजासहजी जात नाही, कारण शरीरातील प्रथिने तोडणाऱ्या विकरांना या तंतूंत शिरकाव मिळत नाही. खात्री करायची तर तुकडा घेऊन काँगो रेडने रंगवावा लागतो आणि ध्रुवित प्रकाशात (पोलराइज्ड लाइटमध्ये) सफरचंदी हिरवी चमक येते का ते पाहावे लागते. गंमत अशी की अमायलॉइड हे नावच गैरसमजातून आले आहे. जर्मन पॅथॉलॉजिस्ट फिरखो यांनी १८५४ मध्ये हा पदार्थ आयोडिनने रंगतो हे पाहून तो स्टार्चसारखा आहे असे मानले, आणि पाचच वर्षांत तो नत्रयुक्त, म्हणजे प्रथिनाचा आहे हे कळले तरी नाव तेच राहिले.

दुसरी गोष्ट सावधगिरीची. गाठीत टोचलेले इन्सुलिन नीट शोषले जात नाही, म्हणून डोस वाढवत नेला जातो. अशा रुग्णाने एके दिवशी एकदम चांगल्या जागी तोच वाढलेला डोस टोचला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. जागा बदलायची ती डॉक्टरांना विचारून, डोस ठरवून घेऊन आणि साखर वारंवार तपासत.

कागलकरीण:

मॅडम, हे आजच घरी फोन करून सांगते. काका, तुमचे उदाहरण सेमिनारमध्ये वापरायची परवानगी हवी आहे.

बीटापट्टी सर, एक प्रश्न अजून उरतो. इतके छोटे तुकडे जर पुरेसे असतील, तर असे सहा अमिनो आम्लांचे क्रम शरीरातील हजारो प्रथिनांत कुठे ना कुठे असणारच. मग रोग मोजक्याच प्रथिनांमुळे का होतात? आणि टाऊमधील तेवढे सहा काढून टाकले किंवा बदलले, तर टाऊचे तंतू बनणे थांबते का?

बीटापट्टी:

असे क्रम असतात, आणि भरपूर असतात. गोल्डश्मिट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अनेक जीवांच्या प्रथिनांची या दृष्टीने छाननी केली, तेव्हा चेन लावू शकतील असे तुकडे जवळजवळ प्रत्येक मोठ्या प्रथिनात सापडले. त्यांपैकी बहुतेक घडीच्या आत गाडलेले असतात किंवा अशा ताठर भागात असतात की त्यांना वळून दुसऱ्या रेणूला भिडता येत नाही. म्हणजे प्रथिनाची घडी हीच त्या तुकड्यावरची मूठ आहे. मूठ सैल होते तेव्हाच धोका निर्माण होतो: उत्परिवर्तनाने, वयाने, आम्लतेने, उष्णतेने, किंवा मोठ्या प्रथिनाचे विकराने भलतीकडे तुकडे केल्यामुळे. टाऊ आणि आल्फा-सायन्यूक्लिन यांच्यात तर पक्की घडी मुळातच नसते, म्हणून ती दोघे नेहमी आघाडीवर दिसतात.

टाऊविषयी तुम्ही विचारलेला प्रयोग झालेला आहे. ३०६ ते ३११ या स्थानांवर व्हॅलिन, ग्लुटामिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन, लायसिन हा क्रम आहे आणि त्याचा एक जुळा भाऊ २७५ ते २८० वर आहे. दोन्ही क्रमांतील एकेका आयसोल्युसिनच्या जागी प्रोलिन हे अमिनो आम्ल घातले की, एरवी भराभर गोळा होणारा टाऊही तंतू बनवत नाही, आणि हे उंदरांतही दिसले आहे. प्रोलिनची बांधणीच अशी की त्याला पट्टीत सरळ बसता येत नाही आणि शेजारच्या पायरीला लागणारा एक हायड्रोजन बंधही ते देऊ शकत नाही.

निसर्गानेही हे साधले आहे. स्वादुपिंडात इन्सुलिनबरोबर स्रवणारे अमायलिन हे ३७ अमिनो आम्लांचे संप्रेरक टाइप २ मधुमेहात माणसात तंतू बनवते, मांजरात बनवते, उंदरात बनवत नाही. उंदराच्या क्रमात २५, २८ आणि २९ या तीन स्थानांवर प्रोलिन आहे. तीच तीन प्रोलिन मानवी क्रमात घालून प्रामलिंटाइड हे औषध तयार झाले आणि २००५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

सूक्ष्मदर्शी:

चर्चा उत्तम चालली आहे, पण बीटापट्टी यांच्या मांडणीला थोडा लगाम घालावासा वाटतो, कारण सेमिनारमध्ये कोणी जाणकार परीक्षक असेल तर तो नेमका इथेच पकडेल.

स्फटिकात दिसते ते सुट्या तुकड्याचे वागणे. तिथे टाऊचा ३०६ ते ३११ हा तुकडा स्वतःच्याच प्रतीशी चेन लावतो. २०१७ मध्ये केंब्रिजच्या गटाने अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूतून काढलेल्या टाऊ तंतूंची रचना अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सोडवली, तेव्हा ३०६ ते ३७८ हा सगळा भाग इंग्रजी सी अक्षराच्या आकारात कण्यात बसलेला आढळला. आपला सहा जणांचा तुकडा तिथेही होताच, पण तो दुसऱ्या रेणूतील आपल्या प्रतीला न भिडता ३७३ ते ३७८ या भागाला भिडलेला होता. तंतू ज्या दोन धाग्यांचा बनतो, त्यांच्यामधील सांधा तर भलत्याच ठिकाणी, ३३२ ते ३३६ वर होता. पुढे पिक रोगात (हाही एक स्मृतिभ्रंशाचा प्रकार) आणि इतर टाऊ-विकारांत याच प्रथिनाच्या वेगवेगळ्या घड्या मिळाल्या. क्रम एकच असताना रोगागणिक घडी बदलते, याचा अर्थ बाकीच्या साखळीला आणि पेशीतील परिस्थितीलाही चांगलेच वजन आहे.

अमायलिनचेही तसेच. २० ते २९ हा भाग वर्षानुवर्षे एकमेव गुन्हेगार म्हणून शिकवला गेला, पण त्याच्या बाहेरचे तुकडेही सुटे ठेवल्यावर तंतू बनवतात. तुकडा तंतूची सुरुवात करून देऊ शकतो, हे मला मान्य आहे. पण रोग्याच्या शरीरात नेमके तेच घडले, हे प्रत्येक वेळी वेगळे दाखवावे लागते. २००९ च्या प्रयोगातही तुकडे मुद्दाम उघड्या वळणात बसवले होते, हे विसरू नये.

बीटापट्टी:

मान्य. विशेषतः शेवटचे वाक्य, कारण तो प्रयोग नेमका उघडेपणाचीच परीक्षा घेतो आणि मी ते ठळकपणे लिहायला हवे होते.

तरीही तुकड्याची स्फटिकरचना निरुपयोगी ठरत नाही. टाऊच्या त्याच सहा जणांच्या चेनचे माप घेऊन २०११ मध्ये उजव्या धाटणीच्या, म्हणजे डी प्रकारच्या अमिनो आम्लांचा एक छोटा पेप्टाइड आखला गेला. तो तंतूच्या टोकाला टोपीसारखा बसतो आणि पुढची पायरी चढू देत नाही. डी प्रकारचा असल्याने शरीरातील विकरे त्याला सहजी तोडत नाहीत. परीक्षानळीत त्याने टाऊच्या तंतूंची वाढ रोखली. तो औषध झालेला नाही, पण नुसत्या स्फटिकावरून आखलेली टोपी पूर्ण प्रथिनाच्या तंतूला बसली, म्हणजे तेवढ्या जागी तरी दोहोंचे माप जुळत असले पाहिजे.

पॅनवरचा माणूस:

परवानगी आहे, पोरी. फक्त मी सांगितलेले सल्फिटेशनच्या कारखान्यातले आहे, गुऱ्हाळातले नव्हे. गुळाच्या काहिलीत कोणी सीड टाकत नाही, तिथे गुळव्याचा हात आणि घोटा. कोल्हापुरात सेमिनार देतेस, तेव्हा हा घोटाळा केलास तर पहिल्या बाकावरूनच कोणीतरी उठेल.

कागलकरीण:

सर्वांचे आभार. क्रम असा ठरवला आहे: आधी आजीची गाठ, मग पॅन, मग रायबोन्युक्लिएजचा प्रयोग आणि त्याला लागूनच सूक्ष्मदर्शी सरांनी दिलेली टाऊची घडी, म्हणजे ‘पुरेसा’ आणि ‘प्रत्यक्षात घडलेले’ यांतला फरक मला स्वतःलाच आधी मांडता येईल. आजीची जागा डॉक्टरांनी मांडीवर हलवली असून पहिले काही दिवस डोस कमी ठेवला आहे. तिथे दुखते, अशी तिची तक्रार आहे.

सूक्ष्मदर्शी:

स्लाइडवर ४.८ अँगस्ट्रॉमचा बाण काढाल तेव्हा तो तंतूच्या लांबीला समांतर काढा. बरेच जण तो आडवा काढतात. आडव्या दिशेचे, म्हणजे दोन पदरांमधील अंतर वेगळे, साधारण १० अँगस्ट्रॉमच्या आसपासचे असते.